चिमण्यांच्या वाडग्यातली लाली

गेले दोन महिने आमच्या घरात 'शेवाळ' हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. उच्चारला की मी सुटते. भाजी निवडता निवडता सुटते, रिक्षात सुटते. परवा तर एका साखरपुड्यात नवरदेवाच्या आत्याला गाठून सुटले. त्या बिचाऱ्या एवढंच म्हणाल्या होत्या की, यंदाच्या उन्हाने गाल पार काळवंडले हो.

तर झालं असं. नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी उन्हाळाभर पाखरांसाठी पाणी ठेवते. भांडं म्हणजे आईच्या वेळचा पांढरा चिनी मातीचा वाडगा, एका बाजूची कड उडालेला. मार्चअखेर आम्ही आठ दिवस लग्नासाठी गावाला गेलो. परत येऊन बघते तर पाणी आटून गेलेलं आणि वाडग्याच्या तळाला लाल थर! विटकरी नाही, शेंदरी नाही, सुकलेल्या रक्तासारखा गडद लाल. पहिला संशय टाकीच्या जुन्या पाइपावर: गंज उतरला असणार. दुसरा संशय तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांवर. रंगपंचमी नुकतीच झालेली, आणि नाशिकची रंगपंचमी म्हणजे रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारून आलेली पोरं पुढे चार दिवस जिथे हात लावतील तिथे रंग. पण आमच्या घरकामाच्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "ताई, हे तर दर उन्हाळ्यात येतं. मी घासून टाकते."

दर उन्हाळ्यात! आणि मला पत्ता नाही!

शेजारच्या विंगमध्ये एक निवृत्त प्राध्यापिका राहतात. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता घरच्या जेवणाच्या टेबलावर त्यांचा जुना सूक्ष्मदर्शक असतो. मी वाडगा पदराखाली झाकून त्यांच्याकडे नेला, वाण द्यायला निघाल्यासारखा. मॅडमनी सुईच्या टोकाने चिमूटभर थर काढला, पाण्याच्या थेंबात कालवला, काच ठेवली, बघितलं आणि काही न बोलता खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी डोळा लावला. काय सांगू! गोट्या. लाल, गोल, जाड काचेच्या आवरणात ठेवल्यासारख्या शेकडो गोट्या. डाळिंबाचे दाणे कोणी टेबलावर सांडलेत आणि मागून दिवा लावलाय असं वाटलं. "बहुधा हिमॅटोकॉकस," मॅडम म्हणाल्या. "एका पेशीचं शेवाळ. खरं म्हणजे हिरवं असतं."

हिरवं? हे?

इथून माझ्या डोक्याला जो भुंगा लागला तो अजून सुटलेला नाही. हे शेवाळ साठलेल्या पावसाच्या पाण्यात, खडकांवरच्या खळग्यांत, पाखरांच्या भांड्यांत राहतं. पाणी भरपूर आणि ऊन सोसण्याइतकं असेल तोवर ते हिरवंगार असतं आणि दोन बारीक शेपट्या हलवत पोहत फिरतं. पाणी आटायला लागलं, अन्न संपलं, ऊन चढलं की ते शेपट्या टाकून देतं, अंगाभोवती जाड भिंत बांधतं, गोल होऊन बसतं आणि आतल्या आत एक लाल रंग तयार करत सुटतं. त्या रंगाचं नाव ॲस्टॅक्झॅन्थिन. गाजराला गाजर करणाऱ्या कॅरोटीनचा हा भाऊबंद. पेशीच्या कोरड्या वजनाच्या ४ टक्क्यांपर्यंतही तो भरू शकतो. बॅंकेत ३१ वर्षं काढलेल्या बाईला हा आकडा लगेच कळतो: शंभर रुपयांतले चार रुपये नुसत्या छत्रीवर!

कारण ती छत्रीच आहे. तेलाच्या बारीक थेंबांत विरघळलेला हा रंग आधी कुठे जमतो? पेशीच्या केंद्रकाभोवती. वंशाची सगळी कागदपत्रं जिथे ठेवलेली असतात त्या तिजोरीभोवती. आणि ऊन अचानक वाढलं तर हे थेंब पेशीच्या बाहेरच्या कडेकडे सरकतात, उजेड उतरला की परत मध्याकडे येतात. दुपारी आपण खिडकीचा पडदा ओढतो आणि संध्याकाळी सारतो, ते काम हा डोळ्यांना न दिसणारा जीव करतो. माझ्याच गच्चीवर, मी खाली पंखा लावून 'काय ऊन आहे' म्हणत पडलेली असताना.

इथे माझ्या गालांचा विषय काढायला हवा. मला वांग आहे. दोन्ही गालांवर फुलपाखराचे पंख पसरावेत तसे तपकिरी डाग, धाकट्याच्या वेळेला आलेले, ते राहिले. तीस वर्षं स्कूटरवरून सीबीएसला, मध्यवर्ती बसस्थानकापाशी, कामाला गेले, निम्मी वर्षं स्कार्फ न बांधता. आजकालच्या मुली डोळे सोडून सगळं बांधून घेतात तेव्हा आम्ही त्यांना डाकू म्हणून हसायचो. हसणाऱ्यांच्या गालांवर आज वांग आहे. म्हणून त्या लाल गोट्या बघताना मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर असूया. तेच ऊन, तीच गच्ची. माझं वांग झालं आणि याचा झाला माणिक!

आता थोडा इतिहास, कारण तो वाचून मी पहाटे दोन वाजता नवऱ्याला उठवलं होतं. १८१८ मध्ये जॉन रॉस हा ब्रिटिश दर्यावर्दी ग्रीनलँडच्या किनाऱ्याने चालला होता. तिथल्या कड्यांवरचा बर्फ त्याला लाल दिसला. नमुने इंग्लंडला नेले. तिथे काहींनी तर्क लढवला की, हा उल्कांमधल्या लोखंडाचा परिणाम. म्हणजे गंजच की! मी जे नाशिकला म्हटलं तेच लंडनात म्हटलं गेलं होतं. पुढे कळलं की बर्फातली ती लालीही एकपेशीय शेवाळाची आणि रंगही याच कुळातला. उंच पर्वतावर हवा विरळ, ऊन जहाल आणि खालचा बर्फ तेच ऊन पुन्हा वर फेकणारा. तिथे छत्रीशिवाय कोण राहणार?

"पण छत्री म्हणजे नक्की काय करते?" नवऱ्याने झोपेतच विचारलं. मी म्हटलं, काळाराम मंदिर आठव. रामनवमीची गर्दी. दर्शन घेऊन बाहेर आलास तर तुझी एक चप्पल गायब. तू काय करतोस? (तो म्हणाला, अनवाणी येतो. पण तो अपवाद आहे.) बाकीचे लोक समोरची कुठली तरी चप्पल पायात सरकवतात. मग त्या चपलेचा मालक तिसऱ्याची घालतो, तिसरा चौथ्याची, आणि तासाभरात सगळ्या पंचवटीत बोंब. उन्हातले अतिनील किरण त्वचेत शिरले की आत असाच गोंधळ सुरू होतो. काही रेणूंचा एक इलेक्ट्रॉन हरवतो, ते शेजारच्याचा ओढतात, शेजारचा पुढच्याचा. या साखळीत पेशीचं आवरण फाटतं, त्वचेला ताणून धरणारं कोलॅजन तुटतं, डीएनएला ओरखडे पडतात. अँटिऑक्सिडंट म्हणजे मंदिराबाहेर उभा असलेला तो भला माणूस, जो आपली चप्पल काढून देतो आणि स्वतः कोणाचीही न उचलता घरी जातो. साखळी तिथे तुटते. ॲस्टॅक्झॅन्थिन तर याहून वरताण. उन्हाने चेकाळलेला ऑक्सिजन अंगावर आला की त्याची जादा ऊर्जा हा रेणू स्वतःवर घेतो, उष्णता म्हणून सोडून देतो आणि पुढच्यासाठी पुन्हा तयार राहतो.

नवरा झोपला होता. हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी कोळंबी आणली. मुद्दाम. कच्ची कोळंबी राखाडी-निळसर, तव्यावर पडली की दोन मिनिटांत केशरी. लहानपणापासून बघतोय, कधी विचारलं का, हा रंग आला कुठून? हळद-तिखट तर अजून घातलेलं नसतं. तो तिथेच होता! हेच ॲस्टॅक्झॅन्थिन, एका प्रथिनाने घट्ट धरून ठेवलेलं. धरलेलं असतं तेव्हा त्याचा रंग दबतो. तवा तापला की प्रथिनाची मिठी सुटते आणि लाली मोकळी होते. कोळंबी हा रंग स्वतः करत नाही, तिच्याकडे तो शेवाळापासून खाण्याच्या साखळीने येतो. रिचर्ड कून आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९३८ मध्ये हा रंग लॉब्स्टरमधून वेगळा काढला. त्याच सालचं रसायनशास्त्राचं नोबेल कॅरोटिनॉइड आणि जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी कून यांना जाहीर झालं. आणि आपल्या निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला येणारे रोहित पक्षी? त्यांच्या पंखांची गुलाबी झाकही अशीच खाल्लेली, शेवाळातून आणि शेवाळ खाणाऱ्या बारक्या जीवांतून आलेली. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्या पाणथळीचं नाव झालं, तेव्हा आम्ही डबे घेऊन गेलो होतो. मी पक्ष्यांचे फोटो काढले. पायाखालच्या पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही.

(२०२० च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेही शेवाळानेच, असं मी दोन-तीन ठिकाणी ठोकून दिलं होतं. मॅडमनी कान उपटले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तर ते काम हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचं निघालं. रंग कॅरोटिनॉइडचाच, रंगारी वेगळा. साखरपुड्यातल्या आत्यांना मी चुकीचं सांगितलंय, तेवढी दुरुस्ती इथे करून घेते.)

मग भावाला फोन. त्याची पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षबाग आहे. खरड छाटणीच्या गडबडीत होता, तरी ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तू आत्ता शोध लावलास होय? आम्ही किती वर्षं सीव्हीड फवारतोय." खरंच की! समुद्री शेवाळाच्या अर्काचे कॅन त्याच्या शेडमध्ये मी पाहिलेत. वेलीला उन्हा-थंडीचा, पाण्याचा ताण सोसावा म्हणून ते देतात. आणि जानेवारीत बागेत गेलं की प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला. थंडीची रात्र आणि तापलेली दुपार या ओढाताणीत हिरवे मणी गुलाबी पडतात, त्याला 'पिंक बेरी' म्हणतात, आणि एक्सपोर्टचा माल हातचा जातो. उघड्यावरचे मणी उन्हाने भाजतात ते वेगळंच. म्हणजे द्राक्षाच्या गालाला स्कार्फ बांधायचं शहाणपण माझ्या भावाला होतं. बहिणीला सांगायचं मात्र सुचलं नाही.

आपल्या भाषेत शेवाळ म्हणजे पाय घसरायची गोष्ट. घाटाच्या पायरीवरचंही शेवाळ, विहिरीतलंही शेवाळ, भिंतीवरचं मखमली मॉस तेही शेवाळच. सगळ्यांवर उपाय एकच, घासणी. म्हणून मॅडमनी जेव्हा मला गच्चीच्या कठड्याकडे नेलं आणि पावसाळ्यानंतर चुन्यावर राहून गेलेला तो काळा, पापडासारखा थर दाखवला तेव्हा मी आधी शरमलेच. दिवाळीला रंग काढायचा राहिलाय म्हणाल्या असत्या तर? पण त्या म्हणाल्या, "हे त्याहून जुनं." हा थर बहुतेक वेळा नील-हरित शेवाळांचा असतो. काटेकोर बोलायचं तर हे जीवाणू, पण इगतपुरीकडच्या भातशेतीत खत म्हणून सोडतात तेव्हा सगळे शेवाळच म्हणतात. यांच्यातले अनेकजण अंगावरच्या आवरणात सायटोनेमिन नावाचा पिवळट-तपकिरी रंग भरतात. नेगेली या शास्त्रज्ञाने १८४९ मध्ये त्याला नाव दिलं, त्याची रचना उलगडायला १९९३ उजाडलं. हा रंग अतिनील किरण, विशेषतः खोलवर शिरणारे यूव्हीए, वरच्यावर अडवतो. जीव वाळून निपचित पडला असला तरीही अडवतो. मालक झोपलाय, पण दारावरची ताडपत्री काम करतेय. मेचा महिना, सिमेंटचा कठडा, पाण्याचा थेंब नाही, आणि पहिल्या पावसाला हे पुन्हा जागे!

आणि हे सगळं त्यांना का शिकावं लागलं? इथे माझ्या अंगावर खरंच काटा आला. आज आपल्या डोक्यावर ओझोनचा थर आहे, तो सर्वांत जहाल किरण गाळून घेतो. ओझोन होतो ऑक्सिजनपासून. हवेत ऑक्सिजन साठायला लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि तो सोडला कोणी? याच नील-हरित मंडळींच्या पूर्वजांनी. म्हणजे आधी उघड्या उन्हात स्वतःपुरता आडोसा शोधत ते जगले, आणि जगता जगता सगळ्या पृथ्वीवर मांडव घालून बसले. त्या मांडवाखाली आपण स्कूटर चालवतो.

छत्रीचा तिसरा प्रकार समुद्रातला. लाल शेवाळांत आणि आणखी कित्येक शेवाळांत छोटे, रंगहीन रेणू असतात, त्यांचं नाव लांबलचक आहे: मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्लं. साधारण ३१० ते ३६० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले अतिनील किरण ते शोषतात आणि उष्णता करून सोडून देतात. त्यातल्या एकाचं नाव पोर्फायरा-३३४, कारण तो ३३४ नॅनोमीटरला सर्वांत जास्त शोषतो. नाव ठेवावं तर असं, कामासकट! पोर्फायरा हे शेवाळ म्हणजे सुशीला गुंडाळतात त्या नोरीचं घराणं. त्याची एक जात आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात, लाटा आदळतात त्या खडकांवर उगवते. तिच्यातून काढलेल्या पोर्फायरा-३३४ चा सूर्यरक्षक गुण तपासणारा शोधनिबंध भारतीय संशोधकांनी २०१० मध्ये छापलाय. आपल्या खडकावर उगवणारं, आपल्याच लोकांनी तपासलेलं! प्रवाळांच्या अंगातही हेच रेणू असतात. आणि गंमत बघा, प्रवाळांना इजा करतात म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून बंदी आणली. माणसाने बनवलेली छत्री त्यांच्यावर उलटली जे स्वतःची छत्री कधीपासून बाळगून होते.

एवढं सगळं डोक्यात घेऊन, एका दमात, मी माझ्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. हातात मोबाइल, मोबाइलवर एका बाटलीचं चित्र, बाटलीवर लिहिलेलं: विटामिन सीच्या सहा हजार पट शक्ती. डॉक्टर बाई चांगल्या आहेत, हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा आकडा काचेच्या नळीतल्या एका विशिष्ट प्रयोगाचा आहे, तुमच्या गालावरचा नाही. मग माणसांवर काहीच नाही का? आहे. २०१८ चा एक जपानी प्रयोग त्यांनीच दाखवला. २३ निरोगी माणसं, काहींना रोज ४ मिलिग्रॅम ॲस्टॅक्झॅन्थिन, काहींना नुसती पोकळ कॅप्सूल, दहा आठवडे. त्वचा लाल व्हायला लागणारा अतिनील मारा पहिल्या गटात थोडा वाढला, म्हणजे त्वचा थोडी जास्त सोसू लागली. "थोडी," त्यांनी दोनदा म्हटलं. "आणि तेवीस माणसं म्हणजे तुमच्या भिशीएवढी." वर हेही ऐकवलं की, बाजारातलं पुष्कळसं ॲस्टॅक्झॅन्थिन कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं असतं, पाळीव सामनला गुलाबी करायला तेच वापरतात. शेवाळातलं महाग, कारण आधी टाक्यांत ते हिरवं वाढवायचं, मग मुद्दाम उपाशी ठेवून उन्हात तापवून लाल करायचं, मग ती जाड भिंत फोडून रंग काढायचा.

मी विचारलं, मग सनस्क्रीन बंद करून हे घेऊ का? या प्रश्नावर मात्र त्या हसल्या. सनस्क्रीन ही छत्री, म्हणाल्या, आणि असले अँटिऑक्सिडंट म्हणजे गळक्या छपराखाली ठेवलेलं पातेलं. छत्रीतून जे निसटलं ते पातेल्यात. पातेलं डोक्यावर घेऊन कोणी पावसात जात नाही. तेव्हा बाहेर पडताना दोन बोटं भरून सनस्क्रीन, उन्हात राहिलं तर दर दोन तासांनी पुन्हा, स्कार्फ, पूर्ण बाह्या. वांगाला तर दिसणारा उजेडही चालत नाही, म्हणून रंगीत सनस्क्रीन लिहून दिलं. रंग कशाचा, विचारलं तर म्हणाल्या, आयर्न ऑक्साइड.

म्हणजे गंज! वाडग्यात जो नव्हता तो शेवटी गालावर आला.

हिरमुसले का? छे. बाटली घेतली नाही एवढंच. मला बाटली नको होती बहुतेक, मला तो वाडगा हवा होता. त्याच संध्याकाळी त्यातला थोडा थर मी लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत खरवडून घेतला, त्यावर स्वच्छ पाणी आणि मॅडमनी दिलेलं थेंबभर खत घातलं आणि बरणी स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीत ठेवली, जिथे ऊन थेट येत नाही. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी पाणी किंचित गढूळ. सहाव्या दिवशी, अहो, हिरवं! कोवळ्या पोपटी रंगाचं! थेंबभर घेऊन धावत मॅडमकडे. काचेखाली लाल गोट्या कमी झाल्या होत्या, आणि त्यांच्या अवतीभवती हिरवे ठिपके असे काही सैरावैरा पळत होते, शाळा सुटल्यावर पोरं पळतात तसे. काहींच्या पोटात अजून मधोमध लाल ठिपका उरला होता. मॅडमनी आणि मी आळीपाळीने पाऊण तास बघितलं. त्यांचा चहा गार झाला, माझी पोळ्यांची कणीक वाळली.

आता गच्चीवर दोन वाडगे आहेत. नवा पाखरांसाठी, तो रोज घासला जातो. कड उडालेला पांढरा वाडगा कोपऱ्यात, त्याच्या शेजारी विटेखाली दाबलेली चिठ्ठी: 'घासू नये.' मावशींनी ती चिठ्ठी पहिल्या दिवशी दोनदा वाचली. मग कमरेवर हात ठेवून वाकून आत बघितलं.

"ताई," म्हणाल्या, "आणि याला पाणी किती वाजता द्यायचं?"